हाकेची पट्टी

२ मार्च

प्रिय धाकटीस,

तुझी प्रकृती ठीक असेल असे धरून लिहितो. आमच्याकडे सर्व ठीक. तुझ्या वहिनीचा गुडघा आता जिना चढू देतो, उतरू देत नाही. मुलगा आणि सून आपापल्या कामात. नात दुसरीत आहे. तिचे समोरचे दोन दात पडले आहेत, त्यामुळे सध्या ती हसत नाही, नुसती बोलते.

मी या महिन्याच्या अखेरीस निवृत्त होतो आहे. संगीत शिक्षणशास्त्र विभागात एकतीस वर्षे झाली. विभागाने गौरवग्रंथ काढायचे ठरवले आहे. त्यात माझ्याविषयी सोळा लेख आहेत आणि छापून येईपर्यंत ते मी वाचू नयेत अशी पद्धत आहे. खोलीतली कपाटे रिकामी करतो आहे. पेटी विद्यापीठाची, ती इथेच राहील.

एक छोटे काम होते. तू शाळेत दर वर्षी मुलांच्या आवाजांची वही ठेवायचीस. वर्षाच्या पहिल्या दिवशी मुलांना मैदानात नेऊन एकेकाला लांबच्या माणसाला हाक मारायला लावायचीस आणि कोण कोणत्या सुरात हाक मारते ते लिहून ठेवायचीस. त्या वह्या अजून असतील तर मला काही दिवसांसाठी हव्या होत्या. अभ्यासाच्या दृष्टीने उपयोग होईल. घाई नाही. वीस तारखेपूर्वी मिळाल्या तर बरे.

आई गेली त्या वेळी भेटलो, त्यानंतर बोलणे झाले नाही. आपण दोघेही कामात असतो.

उत्तराची वाट पाहतो.

तुझा भाऊ

९ मार्च

प्रिय धाकटी,

तुझं कार्ड मिळालं. तीन शब्द. ‘आहेत. कशासाठी हव्यात?’

मी ते टेबलावर ठेवलं होतं. वहिनीने वाचलं आणि माझ्या पत्राची प्रत मागितली. मी प्रती ठेवतो, तुला माहीत आहे. वाचून म्हणाली, “हे बहिणीला लिहिलंय की कुलसचिवांना?”

“साधं पत्र आहे,” मी म्हटलं.

“पत्र नाही हो, अर्ज आहे. आणि अर्जात कारणच लिहिलेलं नाही. तिने तेवढंच विचारलंय.”

तर कारण लिहितो.

जानेवारीत एक दिवस नात शाळेतून आली, दप्तर टाकलं आणि म्हणाली, “आजोबा, मी ऐकणाऱ्यांत आहे.”

“म्हणजे काय?”

“म्हणजे गाणारे गातात आणि आम्ही मांडीवर हात ठेवून ऐकतो.”

“कोणी सांगितलं तसं?”

“बाईंनी. पुस्तकात लिहिलंय म्हणाल्या.”

“कुठल्या पुस्तकात?”

“तुमच्याच की!”

तिला वाईट वाटलेलं नव्हतं. कोणाला चष्मा लागतो, कोणाला लागत नाही, तशा सुरात सांगत होती. मी पुस्तक काढलं. छत्तीस गाणी, प्रत्येक गाण्यावर छापलेलं ‘पट्टी: पांढरी एक’, आणि पान सातवर शिक्षकांसाठी सूचना चौथी: ‘ज्या मुलांचा सूर स्थिर नाही त्यांना प्रारंभी श्रवणगटात बसवावे.’ प्रारंभी हा शब्द मी लिहिला होता. बावीस वर्षांत तो कोणी वाचलेला दिसत नाही. एकदा श्रवणगटात बसलेलं मूल पाचवीपर्यंत तिथेच बसतं.

दोन दिवसांनी मी घरी पेटीपाशी बसलो होतो. खालून तिने हाक मारली, “आजोबा, चावी!” वर्षानुवर्षांची सवय, बोटाने तो सूर शोधला. पांढरी सहा. मी ओ दिली नाही. तिने पुन्हा हाक मारली, पुन्हा तोच सूर. तिसऱ्यांदाही तोच, फक्त आता रागात. चौथ्या वेळी शेजारच्या बाईंनी दार उघडून विचारलं, “अहो, आजोबा ठीक आहेत ना?” मी चावी टाकली. ती वर आली तेव्हा मी पुस्तकातलं पहिलं गाणं पांढरी एकवर धरलं. ती घसा खाली ओढून पुटपुटली, दोन ओळींनंतर थांबली. मग मी तेच गाणं तीन पांढऱ्या वर धरलं, पांढरी चारवर. तिने ते अख्खं म्हटलं. स्वच्छ. मग म्हणाली, “हे सोपं गाणं आहे, शाळेतलं अवघड आहे.”

तेव्हा तुझ्या वह्या आठवल्या.

मी तिच्या शाळेत गेलो, आणखी एका शाळेत गेलो. दीड महिना, आठवड्यातले तीन दिवस. नव्वद मुलं. पुस्तकातल्या पट्टीत त्यांच्यातली एकतीस श्रवणगटात जातात. पांढरी चारवर धरलं तर चार. त्या चारांचंही काही सांगता येत नाही, एकाला सर्दी होती.

आता निकड सांगतो. अभ्यासमंडळ हेच पुस्तक पुढच्या दहा वर्षांसाठी छापायला देणार आहे, होतं तसं. बैठक वीस तारखेला आहे. माझी सही लागते. मी ती करणार नाही. पण सही नाकारणं पुरेसं नाही. मी गेल्यावर ते दुसऱ्या कोणाची तरी घेतील आणि म्हणतील, सर शेवटी शेवटी जरा चळले होते. नव्वद मुलं आणि दीड महिना म्हणजे त्यांच्या दृष्टीने एका आजोबाची हौस. तुझ्याकडे सत्तावीस वर्षांच्या हाका आहेत.

हे कसं झालं असं कोणी विचारलं तर उत्तर सोपं आहे. आम्ही पुस्तक तपासलं ते विद्यापीठाच्या मोठ्या खोलीत. एकशे वीस प्रशिक्षणार्थी, बाया आणि पुरुष, सगळे विशीच्या पुढचे. पांढरी एक सगळ्यांना झेपली. खोली दणाणली. मी खूश झालो. मुलांचं पुस्तक मोठ्या माणसांवर तपासलं, आणि त्या खोलीतल्या एकशे एकवीस जणांपैकी एकाच्याही डोक्यात ते आलं नाही. एकशे एकविसावा मी. मुलांना गाणं कसं शिकवावं हे मी एकतीस वर्षं शिकवलं. मुलांना एक दिवसही शिकवलं नव्हतं. एम.ए. झालो आणि थेट व्याख्याता. तू ट्रेनिंग कॉलेजातून थेट पहिलीच्या वर्गात. घरात सगळे म्हणाले, एकाला मोठं काम मिळालं, एकीला छोटं.

बावीस वर्षांपूर्वीच्या त्या दुपारबद्दलही लिहायला हवं.

छापखान्यातून आलेले पुस्तकाचे कच्चे कागद मी तुला दिले होते. तू ते वर्गात वापरून पाहिलेस आणि पुस्तक मंजुरीच्या बैठकीच्या दिवशी चौदा मुलांना घेऊन आलीस, न विचारता. दारातल्या शिपायाने त्यांना विद्यापीठ बघायला आलेली सहल समजून आत सोडलं. मी पेटीपाशी होतो. तू माझ्या उजव्या हाताला उभी राहिलीस. म्हणालीस, “दादा, पांढरी एक दे.” मुलांनी म्हटलं. ते गाणं नव्हतं, पोटात गुरगुर होते तसं काहीतरी होतं. मग तू पेटीशिवायच त्यांना वर सूर दिलास, आणि त्यांनी म्हटलं.

इतिवृत्त मी परवा काढून पाहिलं. लिहिलंय: ‘सदर शिक्षिकेचा आक्षेप शास्त्रीय आधाराअभावी फेटाळण्यात आला.’ फेटाळण्यात आला नाही. मी फेटाळला. त्याआधी मी एक वाक्य बोललो. ते इतिवृत्तात नाही, पण तुझ्यापाशी असणार. “हिला मुलं सांभाळता येतात, शास्त्र येत नाही.” लोक हसले. तू मुलांना पाणी प्यायला घेऊन गेलीस आणि परत आली नाहीस.

चूक झाली. मोठी चूक होती आणि ती मी केली. इतकंच लिहायचं होतं.

वह्या पाठवशील तर बरं होईल. नाही पाठवल्यास तरी मी वीस तारखेला उभा राहणार आहे.

दादा

२२ मार्च

टिटवे,

या नावाने बावीस वर्षं हाक मारलेली नाही. गच्चीवरून तू मला हाक मारलीस की तिसऱ्या घरातला माणूस ओ द्यायचा. आई म्हणायची, हिला कर्णा लावायची गरज नाही.

गठ्ठा पंधरा तारखेला आला. सत्तावीस वह्या, आणि वर चिठ्ठी: ‘परत हव्यात. त्यांच्यावर चहाचा कप ठेवू नकोस.’ ठेवला नाही. वहिनी दोन दिवस माझ्या टेबलाच्या आसपास कप घेऊन यायला घाबरत होती.

मी पहिल्या वर्षापासून वाचत गेलो. तू मुलांची नावं लिहीत नाहीस हे मला माहीत नव्हतं. ‘खिडकीपाशी बसणारी: काळी चार.’ ‘नाक ओढणारा: पांढरी सहा, सर्दी गेल्यावर पुन्हा पाहणे.’ ‘जुळ्यातला मोठा: पांढरी सहा. जुळ्यातला धाकटा: मोठ्याला हाक मारायला तयार नाही, भांडण.’ माझ्या चौदा विद्यार्थ्यांनी माझ्या हाताखाली पीएच.डी. केली. त्यांच्यातल्या एकाच्याही प्रबंधात ‘पुन्हा पाहणे’ असं लिहिलेलं नाही.

सहाव्या वहीत ती दुपार होती. तारीख, आणि खाली चौदा ओळी. चौदाव्या ओळीच्या खाली एक ओळ रिकामी. त्याखाली तुझ्या बारीक अक्षरात:

‘मुलं वर गाऊ लागली तेव्हा दादाचा हात आपोआप पांढरी चारवर गेला. ऐकलं त्याने.’

मी वही मिटली नाही.

मागच्या पत्रात मी चूक म्हटलं. चूक नव्हती. छापायच्या आधी झाली ती चूक. त्या दुपारनंतर जे झालं त्याला तो शब्द चालत नाही. मला ऐकू आलं होतं. मुलांनी दुसरी ओळ घेतली आणि माझा हात गेला, सूर दाबला, ते जिथे गात होते बरोबर तिथे. मग मी हात परत खाली आणला. पुस्तकासोबतची कॅसेट ध्वनिमुद्रित झाली होती. पुस्तक छापखान्यात होतं. प्राध्यापकपदाची मुलाखत आठ दिवसांवर होती आणि माझ्या अर्जात पहिल्या ओळीत ते पुस्तक होतं. हात खाली आणायला जेवढा वेळ लागला तेवढ्यात मी हे सगळं मनात मांडून मोकळा झालो. मग ते वाक्य बोललो. ते तुला गप्प करण्यासाठी नव्हतं. माझा हात कोणी पाहिला असेल तर त्याचं लक्ष दुसरीकडे जावं म्हणून होतं.

तू पाहिला होतास. तिथल्या तिथे सांगू शकली असतीस. आईला सांगू शकली असतीस, वहिनीला सांगू शकली असतीस. तू वहीत लिहिलंस आणि वही बांधून ठेवलीस. आणि आता मागितल्यावर तीही वही काढून न घेता पाठवलीस.

आता बैठकीचं लिहितो.

विभागप्रमुख म्हणजे माझाच विद्यार्थी, ज्याला सगळे टाय म्हणतात, कारण तो तालसुद्धा टाय सरळ करून धरतो. अध्यक्षबाई नव्या आहेत, संगीतातल्या नाहीत, सरळ माणूस आहेत. एकूण नऊ जण. मी म्हटलं, विषयाला हात घालण्याआधी आपण पुस्तकातलं पहिलं गाणं म्हणू. सगळ्यांना पाठ होतं, त्यातल्या तिघांना शाळेपासून. मी पेटी उघडली आणि पट्टी खाली धरली, मुलांना पुस्तकातली पट्टी जितकी खाली पडते तितकीच. दुसऱ्या ओळीला निम्मे गप्प झाले. टाय हनुवटी छातीला लावून गात होता. अध्यक्षबाई हसून म्हणाल्या, “सर, पेटी बिघडलीय का?”

“पेटी ठीक आहे,” मी म्हटलं. “आपले सूर स्थिर नाहीत. बाई, आपण श्रवणगटात. आपण पण. टाय, तूही. हात मांडीवर ठेवा.”

टायने खरोखर ठेवले. मग पाहिलं आणि काढून घेतले.

त्यानंतर मी तुझ्या वह्या टेबलावर मांडल्या. सत्तावीस वर्षं, अकराशे चाळीस मुलं. आकडे वाचले. मग टाय म्हणाला, आणि त्याने ते माझ्यासाठीच म्हटलं, “सर, त्या काळी उपलब्ध पुराव्यानुसार निर्णय योग्यच होता. तशी एक टीप घालू. सुधारित पट्टी पुढच्या आवृत्तीत.”

पुढची आवृत्ती म्हणजे दहा वर्षं.

“पुरावा उपलब्ध होता,” मी म्हटलं. “चौदा पुरावे होते. याच खोलीत, त्या भिंतीपाशी रांगेत उभे होते.” आणि सहावी वही उघडून ती ओळ वाचली. दादा कोण ते सांगितलं. हात कुठे गेला आणि परत कुठे आला ते सांगितलं. ते वाक्यही सांगितलं, जसंच्या तसं. या वेळी कोणी हसलं नाही. मी म्हटलं, “हे सगळं इतिवृत्तात घ्या.”

अध्यक्षबाईंनी पेन खाली ठेवलं. “सर, तुमच्या निवृत्तीला अकरा दिवस राहिलेत. आता कशाला?”

“म्हणूनच. बाराव्या दिवशी मला कोण इतिवृत्तात घेणार?”

त्यांनी घेतलं. शब्द मी स्वतः सांगितले. ‘फेटाळण्यात आला’ असं कुठेही येऊ दिलं नाही.

पुनर्मुद्रण थांबलं. पाच विरुद्ध चार. रद्द नाही, थांबलं, सहा महिने. तेवढ्यात छत्तीसही गाण्यांची पट्टी मुलांवर तपासून द्यायची आणि सूचना चौथी काढून टाकायची. कोणी तपासायची ते मंडळाने लिहिलं नाही. मी हात वर केला. दुसऱ्या कोणाचा हात वर नव्हता, म्हणून निवड एकमताने झाली.

टाय माझ्याशी बोलत नाही. जिन्यात भेटला, टाय सरळ केला आणि गेला. सत्कार पुढे ढकलला आहे. कधीपर्यंत ते विचारलं तर कार्यालय म्हणतं, कळवू. गौरवग्रंथाचे लेखक एकेक करून आजारी पडत आहेत. काल वहिनीने विचारलं, “सोळातले किती उरले?” मी म्हटलं, अकरा. “म्हणजे अजून अकरा जणांना कळलेलं नाही,” ती म्हणाली. हाताबद्दल तिलाही आत्ताच कळलं. रात्रीचं जेवण आम्ही न बोलता जेवलो. सकाळी ती म्हणाली, “तिच्याकडे जा. पत्र पुरे.”

नातीला मी तिच्या शाळेत जाऊन गाणाऱ्यांत बसवू शकलो असतो. तिच्या बाई तयारच होत्या, सरांची नात म्हणून. मी नको म्हटलं. ती एकटी उठून पलीकडे जाऊन बसली असती आणि बाकीची मांडीवर हात ठेवून ऐकत राहिली असती. तिला सांगितलं, थोडं थांब, सगळी मिळून उठा. तिने विचारलं, “किती थांबू?” मी म्हटलं, सहा महिने. तिने बोटांवर मोजले आणि म्हणाली, “तोपर्यंत माझे दात येतील.”

आता तुझ्याकडचं काम.

नव्या पुस्तकावर पहिलं नाव तुझं असेल. तू नको म्हणशील हे धरून मी तसं मंडळाला लेखी देऊन ठेवलं आहे. भांडायचं असेल तर ते तुला मंडळाशी भांडावं लागेल. मला माफ कर असं मी लिहीत नाही. ते मागून घेण्याची ही जागा नाही, आणि तू वहीत काय लिहिशील ते मी ठरवू शकत नाही.

वह्या टपालाने पाठवणार नाही. सोमवारी सकाळी स्वतः घेऊन येतो. सगळ्या वर्गांच्या हाका नव्याने घ्याव्या लागतील. मैदानाच्या पलीकडच्या टोकाला उभं राहायला तुला कोणीतरी लागतं, मुलांनी ज्याला हाक मारायची तो माणूस. तुझ्या वह्यांत तिथे कधी माळी आहे, कधी पाचवीचे सर, एकदा कोणीच नाही, नुसतं झाड. ते काम मला दे. मला तिथून पेटी लागणार नाही, वही तू धर. मी फक्त उभा राहीन आणि प्रत्येक मुलाला ओ देईन.

फाटकाशी आठला असेन. आत घ्यायचं की नाही ते तू ठरव. नाही घेतलंस तर वह्या शिपायाकडे देईन आणि दुसऱ्या शाळेच्या मैदानात जाऊन उभा राहीन. सहा महिने आहेत. काम होणार आहे.

या पत्राची प्रत ठेवलेली नाही.

ज्याने तेव्हाच ऐकलं होतं, तो

तुझा दादा